गोळी देऊनही जंत पुन्हा का होतात?

प्रश्न थोडक्यात असा : रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव, मुलगी सहा वर्षांची. शाळेत फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये जंताची गोळी मिळते, यंदाही मिळाली. तरी नोव्हेंबरात तिच्या शीतून वीतभर लांब जंत पडला. हिमोग्लोबिन ९ आलं आहे. घरात संडास आहे. सासूबाई म्हणतात गोड बंद करा. आईला तीन गोष्टी हव्या आहेत : गोळी हल्ली लागू पडत नाही का, घरातल्या सगळ्यांनी घ्यावी का, आणि शीची तपासणी नॉर्मल आली तर निश्चिंत राहायचं का.

ताई, एक गोष्ट आधी सांगतो, कारण बाकीची बरीचशी उत्तरं तिच्यातूनच निघतात. तुम्ही पाहिलात तो जंत पोटात आकाराने वाढतो, संख्येने वाढत नाही. पोटात पाच जंत असतील तर पाच अंडी बाहेरून, मातीतून तोंडात गेली आहेत. एकाचे दोन, दोनाचे चार असं आतड्यात काही होत नाही. गोळी आतले जंत काढते. अंगणात, वाडीत, गटाराकाठी पडलेल्या अंड्यांना ती काही करू शकत नाही.

गांडुळासारखा दिसणारा, फिकट गुलाबी-पांढरा, वीतभर किंवा त्याहून मोठा म्हणजे तो गोलकृमी, डॉक्टर ज्याला राउंडवर्म किंवा अ‍ॅस्करिस म्हणतात. याची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती शीवाटे बाहेर पडतात तेव्हा मात्र कच्ची असतात. ओलसर, उबदार मातीत दोन ते चार आठवडे काढल्याशिवाय त्यांच्यात अळी तयार होत नाही, आणि तोवर ती कुणाच्या पोटात गेली तरी निरुपद्रवी. म्हणून जंत झालेल्या मुलीचं उष्टं खाल्ल्याने किंवा तिच्याशेजारी झोपल्याने धाकट्याला हा जंत होत नाही. तिला वेगळं ताट देऊ नका, उगाच पोर खट्टू होतं.

आता तारखांचा हिशेब करू. अंडं पोटात गेलं की लहान आतड्यात अळी बाहेर येते, आतड्याची भिंत भेदून रक्तातून यकृतात आणि मग फुप्फुसात जाते. तिथून श्वासनलिकेने घशाशी चढते, गिळली जाते आणि दुसऱ्यांदा आतड्यात पोचते. त्यानंतर तिचा पूर्ण जंत होतो. गिळल्यापासून अंडी घालणारी मादी तयार होईपर्यंत दोन ते तीन महिने. १९२२ साली कोइनो नावाच्या एका जपानी डॉक्टराने स्वतः दोन हजार अंडी गिळून हे पाहिलं, त्याच्या बेडक्यातच अळ्या सापडल्या. (त्या काळच्या संशोधकांची पचनशक्ती दांडगी होती, दुसरं काय.) तुमच्या मुलीने गोळी खाल्ली ऑगस्टमध्ये, जंत पडला नोव्हेंबरात. म्हणजे ते अंडं ऐन पावसाळ्यात पोटात गेलं असणार. गोळीच्या दिवशी एक तर अळी यकृत-फुप्फुसात फिरत होती, किंवा अंडं अजून मातीतच होतं. शाळेतली गोळी मुख्यतः आतड्यात काम करते, रक्तात तिचा फारसा अंश उतरत नाही. त्यामुळे प्रवासात असलेल्या अळ्या सुटतात. यात गोळीचा दोष धरता येत नाही.

अर्थात, गोळी खरंच पोटात गेली होती का, हेही एकदा मुलीला गोडीत विचारा. चावून खायची गोळी असते, चव सगळ्यांना आवडत नाही, आणि ‘घरी जाऊन खाते’ म्हणून ती दप्तरात राहते. म्हणूनच शिक्षकांनी समोर उभं राहून खायला लावायची, असा नियम आहे.

गोळीबद्दल थोडं. हे अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा आणि अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना देतात. ठरलेल्या तारखा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, प्रत्यक्षात मागेपुढे होतात. त्या दिवशी मूल आजारी किंवा गैरहजर असेल तर आठवड्याभराने पुन्हा एक दिवस ठेवलेला असतो. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, तीही चुरून पाण्यात कालवून. अख्खी किंवा तुकडा देऊ नये, घशात अडकते. औषध जंताच्या पेशींतलं एक प्रथिन धरून ठेवतं, त्याला साखर शोषता येत नाही आणि तो उपासमारीने मरतो. त्यामुळे गोळी खाल्ल्या खाल्ल्या काही दिसत नाही, दोन-चार दिवस लागतात. कित्येकदा जंत आतड्यातच विरघळून जातो आणि शीतून काही पडतही नाही. पडला नाही म्हणजे नव्हताच, असं समजू नका.

एकाच मात्रेचा परिणाम प्रत्येक जंतावर सारखा नसतो. गोलकृमीवर ती उत्तम : शंभरातल्या पंचाण्णवच्या आसपास मुलं मोकळी होतात. अंकुशकृमीवर म्हणजे हुकवर्मवर ऐंशीच्या घरात. आणि व्हिपवर्म नावाचा चाबकासारखा बारीक जंत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला तोंड रुतवून बसतो, त्याच्यावर एका गोळीने जेमतेम तीसेक टक्के. औषधाला जंत निर्ढावलेत का, हा प्रश्न रास्त आहे. शेळ्यामेंढ्यांच्या जंतांत या जातीच्या औषधांना दाद न देणारे प्रकार जगभर पसरलेत, त्यामुळे माणसांच्या बाबतीतही सगळे डोळ्यांत तेल घालून आहेत. पण तुमच्यासारख्या घरी, गोळीनंतर तीन महिन्यांनी गोलकृमी दिसला, तर मी औषधाकडे नाही, अंगणाकडे पाहतो. जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा असं दिसलं की उपचारानंतर सहा महिन्यांत गोलकृमीचं प्रमाण आधीच्या दोनतृतीयांशापर्यंत परत येतं आणि वर्षभरात जवळजवळ पूर्ववत होतं. सहा महिन्यांनी पुन्हा गोळी द्यायची ती याच कारणाने. पोटातला आकडा वर चढू द्यायचा नाही, एवढाच तिचा हेतू. मूल कायमचं जंतमुक्त होईल, असं कुणी कबूल केलेलं नाही.

हिमोग्लोबिन ९ हा मला जंतापेक्षा जास्त खटकणारा आकडा आहे. सहा वर्षांच्या मुलीचं ते साडेअकराच्या खाली नसावं. आणि इथे एक गफलत नेहमी होते : दिसलेल्या जंतावर रक्त कमी झाल्याचं खापर फुटतं. गोलकृमी रक्त पीत नाही. तो अन्नात वाटेकरी होतो, भूक मारतो, अ जीवनसत्त्वाच्या शोषणात अडथळा आणतो. रक्त पिणारा अंकुशकृमी. तो जेमतेम सेंटिमीटरभर असतो, आतड्याच्या अस्तराला चावून बसतो आणि शीत तुम्हाला कधीच दिसत नाही.

त्याचा हिशेब असा. नेकॅटर जातीचा एक अंकुशकृमी दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त घालवतो, म्हणजे थेंबही नाही. पण असे शंभर असले की दिवसाला ३ मिलिलिटर. हिमोग्लोबिन १०च्या आसपास असलेल्या माणसाच्या एवढ्या रक्तात सुमारे १ मिलिग्रॅम लोह असतं, आणि आपल्या रोजच्या जेवणातून शरीर शोषतं तेही साधारण तेवढंच. म्हणजे कमाई आणि खर्च सारखा, वाढत्या अंगाला शिल्लक शून्य. अँकिलोस्टोमा ही दुसरी जात पाच-सहापट अधाशी, तिचे पंधरा-वीसच पुरतात. संख्या कमी असेल आणि जेवणात लोह पुरेसं असेल, तर हेच जंत पोटात असूनही माणसाला काही जाणवत नाही. म्हणून ‘जंत आहेत का’ यापेक्षा ‘किती आहेत’ हा प्रश्न महत्त्वाचा. गावातल्या बहुतेकांच्या पोटात थोडेच असतात आणि मूठभर लोकांच्या पोटात भरपूर. मातीत अंडी पेरण्याचं बहुतेक काम ही मूठभर माणसंच करतात.

अंकुशकृमी तोंडावाटे क्वचित जातो, एरवी कातडीतून शिरतो. मातीत पडलेल्या अंड्यातून एक-दोन दिवसांत अळी बाहेर येते, पाच ते दहा दिवसांत माणसात शिरायला तयार होते आणि ओलावा-सावली मिळाली तर तीन-चार आठवडे वाट पाहते. १८९८ साली कैरोत आर्थर लूस या शास्त्रज्ञाच्या हातावर चुकून अळ्यांचं पाणी सांडलं, हात खाजला, आणि काही आठवड्यांनी त्याच्याच शीत अंडी सापडली. तोपर्यंत हे कातडीतून शिरत असतील असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. कोकणातल्या वाड्या या जंताला मानवतात : नारळी-पोफळीची दाट सावली, शिंपण्याचा ओलावा, भुसभुशीत माती, आणि त्यात अनवाणी फिरणारी माणसं. पाण्याखाली बुडालेल्या भाताच्या वाफ्यात किंवा उन्हात भाजून निघालेल्या कोरड्या रानात ही अळी टिकत नाही. गोलकृमीचं अंडं मात्र चिवट असतं. चिकणमातीत ओल धरून ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं जगतं. पावसाळ्यात पायाच्या बोटांत, तळव्याच्या कडेला खाज आली की सगळं चिखल्यांवर ढकललं जातं. त्यात बुरशी बऱ्याचदा असतेच, पण वाडीत अनवाणी काम करणाऱ्याच्या पायावर बारीक पुटकुळ्या येऊन खाजत असतील तर या अळीचीही शंका घ्यावी.

तुमच्याकडे संडास आहे, मग माती कुठून बिघडली? तीन जागा पाहा. संडासाच्या टाकीचं ओसंडणारं पाणी कुठे जातं? शोषखड्ड्यात जात असेल तर ठीक, परसातल्या केळीच्या आळ्यात किंवा उघड्या गटारात जात असेल तर अंडी तिथेच पसरताहेत. दुसरं, घरात किंवा शेजारी लहान बाळ असेल तर त्याची शी कुठे टाकतात? ‘बाळाची शी काय, दूधच तर पितं’ म्हणून ती उकिरड्यावर किंवा माडाच्या मुळाशी जाते. प्रत्यक्षात चालू-पळू लागलेल्या पोरांच्या पोटात गोलकृमी जास्त असतात आणि त्यांच्याच शीत अंडी जास्त. ती संडासातच टाकायची. तिसरं, शाळेमागचं आवार, मुलं जिथे आडोशाला जातात ती जागा.

एका घराने संडास बांधून माती शुद्ध होत नाही, हे ओडिशात नीट तपासलं गेलं आहे. शंभर गावांत अभ्यास झाला, २०१४ साली निष्कर्ष आले. निम्म्या गावांत मोहीम राबवून संडास असलेल्या घरांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर नेलं, तरी उरलेल्या गावांच्या तुलनेत जंतांत फरक पडला नाही. संडास झाले, पण सगळ्यांकडे नव्हते आणि असलेल्यांपैकीही सगळे वापरत नव्हते. माझ्या मते यातून संडास निरर्थक ठरत नाहीत, अर्धवट वापर निरर्थक ठरतो. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात गोलकृमी होता. शाळाशाळांतून शीची तपासणी, लगेच औषध आणि शेतात ताजा मैला घालणं बंद, हे सगळं एकाच वेळी चाललं तेव्हा दोन-तीन दशकांत तो जवळजवळ हद्दपार झाला.

दोन खड्ड्यांचा संडास असेल तर भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं बंद ठेवल्याशिवाय उपसू नका. त्याआधीचं ‘सोनखत’ भाजीच्या वाफ्यात घालणं म्हणजे अंडी पेरणं. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, गाजर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, जमेल ते सोलून खा. क्लोरिनच्या पाण्यात भिजवल्याने गोलकृमीचं अंडं मरत नाही, त्याचं कवच जाड असतं. साबणानेही मरत नाही, पण ते चिकट अंडं साबणाने आणि चोळण्याने हातावरून निघून जातं, आणि आपल्याला तेवढंच हवं. नखं कापलेली हवीत. चप्पल वाडीतही हवी, पण ती पायापुरती. मातीत हात घालून खुरपणाऱ्या माणसाच्या हातातूनही अंकुशकृमी शिरतो.

सासूबाईंना सांगा, गोड खाल्ल्याने दात किडतात, जंत होत नाहीत. झोपेत दात खाणं, नाक खाजवणं, गालावर फिकट पांढरे चट्टे, या तिन्हींचा जंतांशी संबंध लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे. चट्टे बहुतेक वेळा कोरड्या त्वचेचे असतात, पिटिरियासिस अल्बा म्हणतात त्याला, आणि ते साध्या तेला-मलमाने हळूहळू जातात. माती खाणं मात्र गंभीरपणे घ्या. त्याने अंडी पोटात जातातच, शिवाय अशा मुलांत अनेकदा मुळात लोहाची कमतरता असते. रात्री गुदद्वाराशी खाज येऊन मूल रडत उठत असेल तर तो पांढऱ्या सुतासारखा पिनवर्म, त्याचं सगळंच वेगळं : तो मातीतून येत नाही, नखांतून आणि अंथरुणातून घरभर फिरतो, म्हणून त्यात घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. वावडिंग पिढ्यान्‌पिढ्या देत आलेत, बाळाला पाण्यात उकळून चिमूटभर दिलं तर माझी हरकत नाही, पण गोळीच्या जागी नको.

तुमच्या घरात कुणी घ्यावी? मुलीला आता एक गोळी द्या. प्रवासातल्या अळ्या सुटतात म्हणून दोन-तीन आठवड्यांनी आणखी एक द्यायची का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. फेब्रुवारीत शाळेत मिळेल तीही घेऊ दे, जास्त होत नाही. वाडीत-शेतात काम करणारे मोठे आणि धाकटी भावंडं यांनीही घेणं शहाणपणाचं, कारण शाळेची मोहीम एकोणीस वर्षांवर थांबते आणि अंकुशकृमी वयाबरोबर वाढतो. घरात कुणी गरोदर असेल तर पहिले तीन महिने अजिबात नाही. पुढे आरोग्यसेविका लोहाच्या गोळ्यांबरोबर देतात तेव्हाच. वर्षाच्या आतल्या बाळाला नाही. कुणाला फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, मेंदूत फीतकृमीच्या गाठी असतील तर औषधाने सूज वाढते. आणि घरात कुणाला दमा-संधिवातासाठी स्टेरॉइड दीर्घकाळ सुरू होणार असेल, तर स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या जंताची तपासणी आधी करून घ्या. जंत पोटात संख्येने वाढत नाही, या सुरुवातीला सांगितलेल्या नियमाला तो अपवाद आहे. तो माणसाच्या आतच पिढ्या वाढवतो, स्टेरॉइडने मोकाट सुटतो आणि जिवावर बेततो. त्याला शाळेतली गोळी पुरत नाही, आयव्हरमेक्टिन लागतं.

मुलीचं वजन गोळीने झपाट्याने वाढेल ही अपेक्षा ठेवू नका. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख लहान मुलांवर पाच वर्षं दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल देऊन पाहिलं, निष्कर्ष २०१३ मध्ये आले, आणि सरासरी वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. ज्याच्या पोटात खूप जंत होते त्याला फायदा होतो, ज्याच्या पोटात दोनच होते त्याचं कुपोषण जंतांमुळे नव्हतंच. हिमोग्लोबिनसाठी लोहाचं औषध वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून घ्या, हिमोग्लोबिन वाढल्यावरही सांगितलं तितके दिवस चालू ठेवा. शी काळी होते, घाबरू नका. जेवणाबरोबरचा चहा बंद करा. नियमित औषध घेऊन महिन्याभरात आकडा हलला नाही तर सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी करावी लागेल.

दवाखान्यात तातडीने कधी न्यायचं तेही सांगतो. पोट फुगलंय, कळा येताहेत, हिरवी उलटी होतेय, शी आणि वारा दोन्ही बंद, तर खूप जंतांचा गुंता आतड्यात अडकलेला असू शकतो. अशा वेळी घरी जंताचं औषध अजिबात पाजू नका, थेट मोठ्या दवाखान्यात. उजव्या बरगडीखाली असह्य कळ आणि डोळे पिवळे, तरीही तसंच : जंत पित्तनलिकेत शिरतो, सोनोग्राफीत स्पष्ट दिसतो. काश्मीरमध्ये अशा रुग्णांचा मोठा अनुभव आहे. तापात एखादा जंत उलटीतून किंवा नाकातून बाहेर आला तर बघणाऱ्याची बोबडी वळते, पण ताप चढला की जंत बेचैन होऊन हलतात, हे जुन्या सुइणी सांगायच्या ते खरं आहे. एकट्या त्याने धोका नसतो.

राहिला तपासणीचा प्रश्न. नॉर्मल रिपोर्टवर फार विसंबू नका. सूक्ष्मदर्शकाखाली जंत दिसत नाही, त्याची अंडी दिसतात, आणि अंडी घालायला प्रौढ मादी लागते. गिळल्यावरचे पहिले दोन महिने काहीच दिसणार नाही. नुसता नर असेल तरीही नाही. सर्वेक्षणात आम्ही काटो-कॅट्झ पद्धत वापरतो : जाळीतून गाळलेली शी एका ठरावीक भोकात भरायची, ती ४१.७ मिलिग्रॅम बसते, दिसलेली अंडी मोजून २४ने गुणायची की एका ग्रॅममधला आकडा मिळतो. त्यातही अंकुशकृमीची अंडी पातळ कवचाची, काच तयार केल्यावर तासाभरात विरून दिसेनाशी होतात. नेहमीच्या प्रयोगशाळेत तर पाण्याच्या थेंबात कणभर शी कालवून पाहतात. वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने दिले तर सापडण्याची शक्यता वाढते. शाळेत तपासणी न करताच सगळ्यांना गोळी देतात ती म्हणूनच, तपासणी गोळीपेक्षा महाग आणि कमी भरवशाची.

तुमच्या मुलीच्या गोलकृमीसाठी तपासणीची गरज नाही, जंत पडला तोच रिपोर्ट. पण हिमोग्लोबिनसाठी एकदा अंकुशकृमी शोधायचा असेल तर नमुना गोळी देण्याआधीचा हवा. सकाळची ताजी शी, लघवी आणि माती न लागू देता, कोरड्या डबीत घ्या आणि त्याच सकाळी पोचवा. रात्रभर ठेवलेल्या नमुन्यात अंड्यातून अळ्या बाहेर येतात आणि तंत्रज्ञाची गफलत होते. चिठ्ठीवर ‘हुकवर्मची अंडी पाहावीत’ एवढं लिहून घ्या. नमुना दिला की त्याच दुपारी गोळी द्यायला हरकत नाही. अंडी सापडली तर तिच्या वडिलांचं आणि आजी-आजोबांचंही हिमोग्लोबिन तपासून घ्या.